झेडएक्स८१ आणि स्पेक्ट्रम: सिंक्लेअरची काटछाट बरोबर होती का?

यूएलए_समर्थक
माझं मत: बरोबर होती. मार्च १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स८१ हा घरगुती संगणक जोडलेला ६९.९५ पौंडांना, तर स्वतः जोडायचं किट ४९.९५ ला मिळू लागलं. आधीच्या झेडएक्स८० मध्ये २१ चिपा होत्या. इथे फेरँटी कंपनीच्या एका यूएलएने (गरजेप्रमाणे आतली जोडणी करून घेतलेली चिप) त्यातल्या बहुतेकांचं काम उचललं आणि चार-पाच चिपांत मशीन उभं राहिलं. पगारदार घराला परवडेल अशी किंमत दुसऱ्या कुठल्या मार्गाने आली असती?

बाइटमोजणी
किंमत मान्य, पण १ केबी (१०२४ बाइट) रॅमचा हिशोब करा. सिस्टिम व्हेरिएबल्सना (मशीनच्या स्वतःच्या नोंदींना) १२५ बाइट, भरलेल्या पडद्याला ७९३. उरले जेमतेम शंभर, त्यातही स्टॅक (मशीनची तात्पुरत्या नोंदींची जागा). प्रोग्रॅममधल्या प्रत्येक आकड्यामागे ६ बाइट गुपचूप खर्च होतात, म्हणून शून्याच्या जागी 'नॉट पाय' (त्याची किंमत शून्यच येते) लिहून जागा वाचवायची. नवशिक्याने हे आधी शिकायचं?

१६ केबीचा रॅमपॅक (जादा रॅमचा डबा) तर नुसत्या एज कनेक्टरवर, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर, लटकलेला. कळ जोरात दाबली, पॅक हलला, संपर्क तुटला की सगळा प्रोग्रॅम गेला. पूर्ण १६ केबी टेपवरून पुन्हा भरायला पाच मिनिटांहून जास्त.

यूएलए_समर्थक
दोष जोडणीचा आहे, कल्पनेचा नाही. मशीन बंद करून संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पॅकखाली आधार द्या. चालू मशीनला पॅक लावू नका, चिपा जातात.

जुनी_पीसीबी
दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने मी विरोधात. सिंक्लेअरच्याच १९८२ च्या स्पेक्ट्रम संगणकातल्या ४११६ प्रकारच्या रॅम चिपांना +१२, +५ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात. एक चिप शॉर्ट झाली की हे व्होल्टेज बनवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर जळतो. नुसता टीआर४ बदलाल तर नवाही जळेल. आधी खराब चिप काढा, मग चिपेच्या १, ८ आणि ९ नंबरच्या पिनांवर -५, +१२ आणि +५ येतात का ते मोजा. ॲडॉप्टर ९ व्होल्टचा आणि मधलं टोक ऋण असलेलाच हवा.

भारतात १९८४ च्या क्लास या संगणकशिक्षणाच्या प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले, ते उगाच नव्हे. त्याचा कीबोर्ड रोजच्या वापराला टिकणारा होता.

यूएलए_समर्थक
शाळेत एक मशीन चाळीस मुलं वापरतात, तिथे ते ठीकच. घरचं गणित वेगळं. ४८ केबी स्पेक्ट्रम १७५ पौंड, बीबीसी मॉडेल बी आधी ३३५ आणि पुढे ३९९. शिवाय त्या ४८ केबीतल्या वरच्या ३२ केबीसाठी अर्ध्या खराब निघालेल्या ६४ किलोबिट चिपा घेऊन फक्त चांगला अर्धा वापरला. कचऱ्यात जाणाऱ्या मालातून चालतं मशीन काढलं, याला मी कौशल्यच म्हणेन.

जुनी_पीसीबी
कौशल्य खरंच. पण बदली चिप घेताना चांगला अर्धा त्याच बाजूचा मिळवावा लागतो, नाहीतर बोर्डवरची लिंक (कुठला अर्धा वापरायचा ते ठरवणारी तार) बदलून आठही चिपा नव्या. तो खर्च १७५ मध्ये धरलेला नाही.