मदत हवी आहे: मालवणजवळ खाडीत रात्रीचं कयाकिंग, मुलीला घेऊन कोणत्या तिथीला जावं?

नमस्कार मंडळी,

कार्तिक-मार्गशीर्षात चार दिवस मालवणला जायचं ठरतंय. आम्ही तिघं: मी, नवरा आणि १४ वर्षांची लेक. लेकीला कधीपासून एकच ध्यास लागलाय, रात्री कयाकमध्ये बसून चमकणारं पाणी बघायचं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने नॉक्टिल्युकावर, म्हणजे पाणी चमकवणाऱ्या सूक्ष्म जीवावर, प्रकल्प केला होता. तेव्हापासून ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज ही उजेड पाडणाऱ्या रसायनांची नावं आमच्या घरात रोज ऐकू येतात. मलाही मनापासून वाटतं की तिला हे बघायला मिळावं. ज्या जीवाची चित्रं काढली तो आपल्याच हाताच्या हालचालीने उजळतोय, हे या वयात अनुभवलं तर ती आयुष्यभर विसरणार नाही.

देवबागकडच्या एका आयोजकाशी बोलणं झालंय. तो म्हणतो अमावस्येलाच या, पाणी तेव्हाच सगळ्यात छान दिसतं. दोन फेऱ्या असतात, साडेसातची आणि दहाची. कर्ली खाडीतल्या जेटीवरून निघायचं, संगमापर्यंत, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथवर जायचं, थोडं थांबायचं आणि परत. सगळे मिळून दोन तास. दहाचीच फेरी घ्या असा त्याचा आग्रह आहे, कारण तोवर काठावरच्या हॉटेलांचे दिवे कमी होतात. बोलायला माणूस चांगला वाटला. पण मी भरतीची वेळ विचारली तर "ते आमच्यावर सोडा" एवढंच उत्तर आलं, आणि तिथेच माझं मन अडलं.

लेकीला पोहता येतं, पण तरणतलावात. नवरा पट्टीचा पोहणारा. मी जेमतेम तरंगते. तिघांनीही दिवसा, शांत पाण्यात कयाक चालवलंय. रात्री कधीच नाही.

अमावस्येचा आग्रह बरोबर आहे का? मुलीला घेऊन संगमापर्यंत जावं का? आयोजकाला नेमकं काय विचारलं म्हणजे त्याला पाण्याची जाण आहे की नाही हे कळेल? लाईफ जॅकेट, दिवे वगैरे आपले न्यावेत का? "जाऊच नका" असं कोणाचं मत असेल तर तेही लिहा, फक्त कारणासकट. फार मनावर घेतलेला विषय आहे, म्हणून एवढं सविस्तर विचारतेय.

प्रतिसाद (रत्नागिरी)

मी फक्त चमकण्याबद्दल लिहितो, होडीचं जाणकार सांगतील.

पावसाळा सरून थंडी लागते त्या सुमाराला आरे-वारे, गणपतीपुळे, देवगड, मालवण या पट्ट्यात असं पाणी दिसल्याच्या बातम्या येतात. पण मोगरा फुलावा तसा याचा हंगाम ठरलेला नसतो. आज एका पुळणीवर लाट निळी फुटते आणि उद्या तिथेच काही नसतं. नॉक्टिल्युका स्वतः पोहत जात नाही, प्रवाह आणि वारा नेतील तिकडे जातो. खायला सूक्ष्म शैवालं भरपूर मिळाली की भराभर वाढतो. तेव्हा "हमखास दाखवतो" असं कोणी म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

लेकीला आधीच सांगून ठेवा की फोटोत दिसतं तसं डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याचं झाकण काही सेकंद उघडं ठेवून ते फोटो काढलेले असतात. प्रत्यक्षात उजेड मंद, निळसर पांढरा असतो आणि पाणी हललं तेवढ्यापुरताच टिकतो. तरी मला प्रत्यक्षातलंच जास्त आवडतं. वल्हं पाण्यातून ओढलं की त्याच्या कडेने भोवरे सुटतात, त्यातला एकेक ठिपका वेगळा दिसतो. वल्हं वर उचललं की पात्यावरून निथळणारे थेंब पाण्यात पडतात आणि पडतील तिथे पुन्हा पेटतात. हे फोटोत येत नाही.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच कोणी मोबाईल उघडला की पहिल्यापासून सुरुवात. हेडलॅम्प लाल उजेडाचा घ्या.

आणि एक सोपी तपासणी. संध्याकाळी अंधार पडला की जेटीवरून बादलीभर पाणी काढा, आडोशाला न्या आणि त्यात हात फिरवा. ठिणग्या दिसल्या तर निघा. नाही दिसल्या तर पैसे भरायच्या आधीच कळलं. कयाकमध्ये बसायला मिळालं नाही तरी तुमच्या लेकीला तो जीव बादलीत भेटू शकतो.

प्रतिसाद (देवबाग)

ताई, जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण अमावस्या नको, दहाची फेरी नको आणि संगम तर नकोच.

आमच्याकडे भरतीचा हिशेब पोराटोरांना येतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा भरतं. पण समोरच्याला पारखायला एवढं पुरे.

आता दहाची फेरी यात बसवून बघा. निघताना भरतीचं शेवटचं पाणी. संगमावर पोचून थांबेस्तोवर सव्वाअकरा वाजले. वळाल तेव्हा ओहोटी लागलेली, तीही अमावस्येची, म्हणजे उधाणाची. अख्ख्या खाडीत चढलेलं पाणी त्या मुखातून बाहेर पडायला बघतं. रात्र चढत जाते तसा जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. पाणी बाहेर, वारा बाहेर, आणि तुम्हाला यायचंय आत. मुखाशी वाळूचे दांडे आहेत, ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. बाहेर जाणारं पाणी समुद्राच्या लाटेला भिडलं की तिथे लाट उभी राहते. दिवसा ती दिसते तरी. रात्री कानावर येईपर्यंत तुम्ही तिच्याजवळ पोचलेले असता. दमलेलं पोर आणि न पोहणारी आई घेऊन तिथे जायचं काही कारण नाही. साडेसातची फेरी त्यातल्या त्यात बरी, परत येताना भरती पाठीशी असते. पण जाताना उधाणाचं पाणी अंगावर घेत वल्हवायचं म्हणजे मुलीचे हात अर्ध्या वाटेत भरून येतील.

अंधारासाठी अमावस्या लागत नाही. वद्य दशमी-एकादशीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, संध्याकाळ काळीकुट्टच असते. आणि हिशेब बघा: दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. अष्टमी-नवमीचा भांग (सगळ्यात कमी भरती-ओहोटी) नुकताच होऊन गेलेला असतो, त्यामुळे पाण्याला ओढ कमी. सव्वासातला निघायचं, भरतीच्या सरत्या पाण्याबरोबर खाडीत वर नेरूरपारच्या दिशेने जायचं. पाणी थांबतं तेव्हा तुम्ही कांदळवनात असाल. तिथे हॉटेलांचा उजेडही पोचत नाही. ओहोटीचं हलकं पाणी लागलं की तेच तुम्हाला परत आणून सोडतं. पाणी भरलेलं असल्याने चिखल आणि कालवं (धारदार शिंपले) खाली जातात. ओहोटीला उतरायची वेळ आली तर कालवांची धार तळपाय फाडते, म्हणून अनवाणी कोणी जाऊ नये.

कार्तिक वद्य एकादशी म्हणजे आळंदीची यात्रा, कॅलेंडरवर चटकन सापडेल. ती जमली नाही तर मार्गशीर्षातली वद्य एकादशी धरा.

आणखी एक. रात्री खाडीत जाळी लावलेली असतात. कुठे खुंट, कुठे नुसता थर्माकोलचा तुकडा बोया म्हणून. कोणाचं जाळं कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, असाच माणूस बरोबर हवा. आमच्या माणसांची जाळी फाटू नयेत हेही त्यात आलं, तेवढं ध्यानात ठेवा.

धागाकर्ती

तुमचे उपकार कसे मानू! पाऊणपटीचा हिशेब मी कागदावर मांडला आणि आयोजकाने दिलेल्या वेळांशी ताडून पाहिला. दहाची फेरी कशी उलटी पडते हे नवऱ्यालाही लगेच पटलं. लेक आता कॅलेंडर घेऊन रोजची भरती काढत बसलीये.

आत वर जायचं तर नॉक्टिल्युका तिथेही असतो का? की समुद्राजवळच दिसतो? आणि सामानाचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद (रत्नागिरी)

खाऱ्या पाण्याबरोबर तो आत येतो, म्हणून भरतीची वेळ त्यासाठीही सोयीची. फार वर, गोड्या पाण्याकडे गेलात तर नाही दिसणार. म्हणजे उगाच लांब जायची गरजही नाही.

प्रतिसाद (ठाणे)

मी कयाकिंग नियमित करतो, रात्रीचंही. देवबागकरांनी पाण्याचं इतकं नेमकं सांगितलंय की त्यात भर घालण्यासारखं काही नाही. सामान आणि माणसं यांबद्दल लिहितो.

लाईफ जॅकेट सगळ्यांनाच देतात, प्रश्न मापाचा असतो. मोठ्यांचं जॅकेट मुलीला घातलं तर ती पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि तोंड खाली जातं. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि दोन्ही खांदे धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर दुसरं मागा. जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी. रात्री हाक कुठून आली ते कळत नाही, शिट्टी कळते.

प्रत्येक कयाकवर पांढरा दिवा हवा. वल्ह्याच्या होडीने निदान एक पांढरा दिवा हाताशी ठेवावा आणि टक्कर टाळायला वेळेत दाखवावा, असा समुद्रावरच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. खाडीत रात्री मच्छीमारांच्या इंजिनच्या होड्या येतात-जातात, त्यांना तुमचं काळं कयाक दिसणार नाही. चमकणारं पाणी बघताना दिवा झाका, पण विझवू नका. पाठीवर लावायला चमकणारी काडीसुद्धा (ग्लो स्टिक) चालते.

मुलगी दोन सीटच्या कयाकमध्ये गाईडबरोबर बसू दे, नवऱ्याबरोबर तुम्ही. वरून बसायचं, उघडं कयाक मागा, उलटलं तरी त्यात कोणी अडकत नाही. आणि ज्या दिवशी रात्री जाणार त्याच दिवशी उजेडात, कमरेएवढ्या पाण्यात, मुद्दाम पडून परत चढायचा सराव करा. गाईडलाच म्हणा, आधी तुम्ही पडून दाखवा आणि आम्हाला वर घ्या. जो याला कंटाळतो त्याच्याबरोबर रात्री जायचं नाही. माझ्या लेखी ही एकच परीक्षा बाकी सगळ्या प्रश्नांच्या बरोबरीची आहे.

बाकी थोडक्यात. मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का आणि तो सूर्यास्तानंतरच्या फेरीला लागू आहे का, हे दोन्ही विचारा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्याखाली नोंदणी आहे का तेही. विमा दाखवायला सांगा. फेरीला किती कयाक आणि किती गाईड, बरोबर इंजिनची होडी असते का, फोनला रेंज नसेल तिथे संपर्क कसा करतात, हे विचारताना संकोच करू नका. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक काठावर थांबणाऱ्या माणसाकडे लिहून द्या, "अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर फोन कर" या सूचनेसकट. पाणी ऊबदार असतं, पण ओल्या अंगावर वारा लागला की हुडहुडी भरते. कोरडे कपडे जेटीवर ठेवा.

जाता जाता: खाडी बदलायचा विचार झाला तर चिपळूणकडची वाशिष्ठी नको, तिथे मगरी आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढची हकिगत सांगते.

पहिल्या आयोजकाला पुन्हा फोन केला. एकादशीला, साडेसातच्या आत निघून खाडीत वर न्याल का, असं विचारलं. तो म्हणाला, संगम नसेल तर फेरीच नाही. त्याला नाही सांगितलं. मग तिथल्याच ओळखीतून दुसऱ्या एकाचा नंबर मिळाला. त्याला मी फक्त तारीख सांगितली आणि किती वाजता निघायचं असं विचारलं. त्याने आधी तिथी विचारली, मग म्हणाला, "पाणी सवाआठाक भरतला, सातापर्यंत येवा." मी फोनवर काहीच बोलले नाही, पण तेव्हाच ठरलं.

दुपारी सराव करायला तो आनंदाने तयार आहे. मुलीचं जॅकेट वेगळं आहे म्हणाला. परवान्याचे कागद मी बघायला मागितलेत, ते आल्यावरच पैसे पाठवणार. बरोबर इंजिनची होडी असते का, याचं उत्तर "भावाची आसा" असं आलं. ती त्या रात्री जेटीवर तयार असेल का, हे नीट विचारून घ्यायचंय.

आता शेवटची अडचण. लेकीला चष्मा आहे, नंबर मोठा. चष्म्याशिवाय तिला हातभरावरचं दिसत नाही आणि पाण्यात पडला तर बघायला आलेलंच दिसायचं नाही. काय करावं?

प्रतिसाद (मालवण)

चष्म्याच्या दुकानात मानेमागून बांधायची रबरी दोरी मिळते, ती घेवा. दुपारच्या सरावात तीच लावून पोरीक पाण्यात पडूक सांगा, रवता की नाय ता थयच कळात. जुनो चष्मो असलो तर तो घालून येवा आणि नवो खोलीत ठेवा. बादली आमच्याकडून नेवा, जेटीवर ठेवून जाव नकात म्हंजे झाला.