जिन्यातल्या बाटल्या आणि आजीच्या इरकली

सोसायटी ग्रुप (ए, बी, सी विंग)

शुक्रवार

सेक्रेटरी, बी-२०२ (९:१०)
सर्व सभासदांना नम्र विनंती. रविवारी सकाळी नऊ वाजता भंगारवाला येणार आहे. जिन्यात, डक्टमध्ये आणि मीटर बॉक्सखाली ठेवलेलं सामान शनिवारी रात्रीपर्यंत आपापल्या घरात न्यावं. राहील ते भंगारात जाईल. ए विंगच्या चौथ्या मजल्यावर कठड्याला टांगलेल्या बाटल्याही त्यात धरल्या जातील.

गावडे काकू, ए-४०१ (९:१४)
त्या बाटल्या नाहीत, कुंड्या आहेत. पुदिना आहे, ओवा आहे. परवाच बी-२०२ मधून पुदिना न्यायला आले होते.

सेक्रेटरी, बी-२०२ (९:१५)
मिसेसनी नेला असेल. मुद्दा तो नाही.

डॉक्टर, सी-३०३ (९:३१)
मुद्दा पाण्याचा आहे. काकू, रागावू नका, पण काल येता येता मी बघितलं. बारापैकी चार बाटल्यांच्या बुडाशी पाणी साचलंय. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास उडायला लागतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी बाटलीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. आतून घासावी लागते.

गावडे काकू, ए-४०१ (९:३५)
भोकं पाडली होती की मी. मातीने बुजली असणार.

जोशी काका, ए-१०२ (९:४०)
भोक खाली मधोमध पाडलं की बुजतंच. खिळा गरम करून बुडापासून अर्ध्या इंचावर बाजूला दोन भोकं पाडा, आत नारळाच्या शेंड्या घाला आणि मग माती भरा. माती अडते, पाणी जातं. खिळा पकडीने धरा. हे मी अनुभवाने सांगतोय, बोट दाखवू का?

अमेय, बी-५०१ (९:४१)
नको काका 🙏

गावडे काकू, ए-४०१ (९:४८)
आज संध्याकाळी सगळ्या उतरवते आणि आमच्या गॅलरीत लावते. पुदिना मागायला आता बेल वाजवावी लागेल, एवढंच.

ऋचा, सी-१०१ (११:०२)
भंगारवाला कपडे घेतो का हो? आईने गावाकडून आजीची ट्रंक पाठवलीये. अकरा नऊवारी आहेत. बहुतेक इरकली, दोन-तीन ठिकाणी विरलेल्या. आजीला जाऊन चार वर्षं झाली. नेसणार कोणी नाही आणि टाकवतही नाहीत. आमच्याकडे आता बाळाची तयारी चाललीये, कपाटात जागा नाही.

वैशाली, बी-३०४ (११:०५)
भंगारवाल्याला नको देऊस गं!

गावडे काकू, ए-४०१ (११:०९)
पूर्वी बोहारीण यायची दुपारची. आमच्या आईने चार साड्या देऊन एक स्टीलचा डबा घेतला होता. त्यातली एक जरीची होती हे तिला नंतर आठवलं. डबा अजून माझ्याकडे आहे, पोहे ठेवते. दर वेळी झाकण उघडताना ती साडी आठवते मला.

वैशाली, बी-३०४ (११:१२)
ऋचा, बाळासाठी गोधडी शिवून घे ना. जुन्या सुती नऊवारीसारखी गोधडी कशाचीच होत नाही.

अमेय, बी-५०१ (११:१५)
रेडीमेड मिळते की. ऑनलाइन मागवा, तीन दिवसांत घरपोच. कशाला एवढा उपद्व्याप?

वैशाली, बी-३०४ (११:२२)
मागवली होती मी भाचीच्या बाळाला. फोटोत काय सुरेख! आत पॉलिस्टरचा कापूस, वर मशीनची शिलाई, आणि शिलाईच्या ओळींत वीतभर अंतर. दुसऱ्या धुण्यात सगळा कापूस एका कोपऱ्यात जमा झाला. आता तिची उशी झालीये.

अमेय, बी-५०१ (११:२३)
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

ऋचा, सी-१०१ (११:३०)
मनात माझ्याही होतं. पण आजीच्या साडीला कात्री लावायची म्हणजे हात धजत नाही. आई तर फोनवर रडायलाच लागली.

मृण्मयी, सी-२०४ (१२:४७)
ऋचाताई, मी आजीला हे सगळं वाचून दाखवलं. ती व्हॉइस नोट पाठवायची म्हणत होती पण मागे कुकर चालू होता, म्हणून तिच्याच शब्दांत टाईप करतेय.

"अगं पोरी, कात्री लावतंय कोण? नऊवारीला कात्री लागतच नाही. चार घड्या घालायच्या की झाली वाकळ. आमच्याकडं तिला वाकळ म्हणतात. साडी आख्खी आत राहती. उद्या टाके उसवले तर साडी परत साडी. फक्त नेसू नको, भोकं दिसतील."

ऋचा, सी-१०१ (१२:५०)
खरंच? न कापता??

जोशी काका, ए-१०२ (१३:०४)
हिशेब बरोबर बसतो. एक वार म्हणजे ९१.४ सेंमी. नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. चार घड्या घातल्या की लांबी २.०५ मीटर, म्हणजे पलंगाच्या लांबीहून थोडी जास्त. पन्हा ११० सेंमी धरला तर एका माणसापुरती अरुंद गोधडी, चार थरांची. सहावारीच्या तीन घड्या केल्या तर १.८ मीटर, तीन थर.

मृण्मयी, सी-२०४ (१३:२०)
आजी म्हणते, काकांनी बरोबर सांगितलं, पण चार थर पातळ होतात. मधे एक जुनं धोतर नाहीतर विरलेली चादर घालायची. सहा थरांच्या वर गेलं की सुई रडवते.

ऋचा, सी-१०१ (१३:२६)
पण बाळाला दोन मीटरची गोधडी काय करायची आजी?

मृण्मयी, सी-२०४ (१३:३३)
आजी हसतेय. "बाळ काय तेवढंच राहणार हाय? दुमडून घाल खाली. तू पण त्याच्याशेजारी निजणार हायस का न्हाय?"

मग म्हणाली, तारीख जुलैची आहे ना, म्हणजे भर पावसाळा. मोठी वाकळ ओली झाली तर दोन दिवस वाळत नाही. रोजच्या शी-शूसाठी वेगळी छोटी तीन-चार पातळ दुपटी हवीत. त्यासाठी सगळ्यात विरलेली साडी फाड, ती कापायला हरकत नाही, ती तशीही फाटलेलीच आहे. नऊवारी चांगल्या आहेत त्यांची मोठी कर.

डॉक्टर, सी-३०३ (१४:१०)
दोन गोष्टी माझ्याकडून. गोधडी बाळाच्या खाली ठीक आहे, तीही ताणून, सुरकुत्या न ठेवता घाला. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर जाड पांघरूण किंवा तोंडाजवळ सैल कापड नको. आणि सुटलेला दोरा लांब ठेवू नका. बाळाच्या पायाच्या बोटाला दोरा किंवा केस गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. माझ्याकडे अशी बाळं आली आहेत. टिकल्या, आरसे, बटणं अजिबात नकोत.

वैशाली, बी-३०४ (१४:१५)
हे कोणी सांगितलंच नव्हतं कधी.

गावडे काकू, ए-४०१ (१४:३०)
माझ्याकडे पण आहेत चार सहावारी. १९७८ सालच्या, रंग बघा अजून कसा आहे! त्याही घाला.

मृण्मयी, सी-२०४ (१४:४१)
आजी विचारतेय, सुती आहेत का नायलॉनच्या?

गावडे काकू, ए-४०१ (१४:४४)
तेव्हा नायलॉनचीच फॅशन होती.

मृण्मयी, सी-२०४ (१४:५०)
आजीने मान हलवली. नायलॉन घाम शोषत नाही, आणि थरांमध्ये घसरतं. एका टोकापासून टाके घालत गेलं की दुसऱ्या टोकाला चार बोटं कापड जास्त उरतं. काकू, सॉरी 🙈

जोशी काका, ए-१०२ (१५:०५)
शंका असेल तर काठाजवळचा एक दोरा काढून काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचाच, आणि राख चोळली की पूड होते. नायलॉन, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. परातीवर धरून करा. ही चाचणी मी आत्ताच आमच्या पडद्यावर केली. पडदा सुती नाही. सौ.ना सुती म्हणून विकला होता.

ऋचा, सी-१०१ (१६:१२)
केलं! आठ साड्या सुती. दोन नाहीत. एकीचं अंग सुती आहे पण पदर दुसऱ्याच कशाचा तरी, गोळी झाली.

वैशाली, बी-३०४ (१६:१८)
इरकलीचं असंच असतं. अंग वेगळं विणतात, पदर वेगळ्या धाग्याचा असतो आणि मागावरच जोडलेला असतो. जोड हाताला लागतो बघ.

मृण्मयी, सी-२०४ (१६:३०)
आजी: "पदर वरच्या घडीत आला पायजे. दिसायला. तोच तर बघायचा असतो."

श्रीधर काका, बी-१०३ (१७:४०)
उशिरा वाचतोय. माझी नोकरी काही वर्षं हल्याळला होती, उत्तर कन्नड जिल्ह्यात. तिथल्या सिद्दी बायका अशीच गोधडी शिवतात, कवंदी म्हणतात तिला. पाठीला आख्खी साडी आणि वर जुन्या कपड्यांचे लहान-मोठे तुकडे. त्या मधून सुरुवात करत नाहीत. कडेपासून चौकोनी फेरे घालत आत आत येतात, वळलेली कड आणि शिलाई एकदमच होते. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली त्रिकोणी फुलं लावतात. त्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. माझ्याकडे एक आहे, आणतो दाखवायला.

मृण्मयी, सी-२०४ (१७:५२)
आजी खूश झाली. म्हणाली, फेरे आम्हीपण तसेच घालायचो.

ऋचा, सी-१०१ (१८:०५)
मला धावदोरा येतो, शाळेत शिकवला होता. पण एवढं सगळं जुलैपर्यंत?

जोशी काका, ए-१०२ (१८:२०)
ओळींमध्ये एक बोट, म्हणजे दीड सेंमी अंतर धरलं तर एका गोधडीत साधारण १५० मीटर शिलाई. सरळ ओळी घाला नाहीतर फेरे, आकडा तोच येतो. दोरा दुहेरी असेल तर ३०० मीटरच्या वर लागेल.

ऋचा, सी-१०१ (१८:२१)
काका 😭

वैशाली, बी-३०४ (१८:२५)
चार जणी चार बाजूंनी बसलो तर? रविवारी क्लब हाऊसमध्ये सतरंजी टाकून. मी येते.

गावडे काकू, ए-४०१ (१८:२६)
मीपण. नायलॉन घरी ठेवून.

सेक्रेटरी, बी-२०२ (१८:४०)
क्लब हाऊसचं बुकिंग नियमाप्रमाणे तीन दिवस आधी आणि शुल्क भरून करावं लागतं. यात अपवाद केला तर उद्या सगळेच मागतील.

वैशाली, बी-३०४ (१८:४१)
मागच्या महिन्यात मॅच बघायला कोणी भरलं होतं शुल्क?

सेक्रेटरी, बी-२०२ (१९:२५)
आई विचारतेय किती वाजता.

सेक्रेटरी, बी-२०२ (१९:२६)
सोसायटीचा उपक्रम म्हणून नोंद करतो. शुल्क नाही. भंगारवाला गेल्यावर, दहा ते बारा.

शनिवार

मृण्मयी, सी-२०४ (१०:०५)
आजीचा निरोप, सगळ्यांसाठी. साड्या आजच कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढून उन्हात वाळवा. नवीन कापड आत एक थरही नको. जुनं जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी वाकळ गोळा होते. लाल काठावर ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग लागला तर ती साडी वेगळी ठेवा. पिना, फॉलचे टाके काढून या.

दोरा जाड सुती. हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. मेणबत्तीचे उरलेले तुकडे असतील तर आणा, दोरा त्यावरून ओढला की गुळगुळीत होतो. गाठ वर दिसता कामा नये, दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची. (डॉक्टरांचं ऐकून तिने हे दोनदा सांगितलं.) अंगुस्तान ज्याच्याकडे असेल त्याने आणा.

अमेय, बी-५०१ (१०:२०)
अंगुस्तान म्हणजे?

गावडे काकू, ए-४०१ (१०:२१)
शिंप्याच्या बोटातली टोपी.

अमेय, बी-५०१ (१०:३०)
आमच्याकडे आहे, आईच्या मशीनच्या खणात. घेऊन येतो. सतरंज्याही लावायला येतो. कालच्या मेसेजबद्दल सॉरी.

रविवार

ऋचा, सी-१०१ (१२:५५)
फोटो टाकतेय. हिरवी इरकल वर, पदर पायाशी आलाय, श्रीधर काकांची कवंदी शेजारी. चौकडीची चादर आत आहे, दिसत नाही. आधी आजींनी सगळ्यांना साडीवर चारी बाजूंनी बसवलं आणि मोठे कच्चे टाके घालून थर बांधून घेतले, त्यातच एक तास गेला. मला वाटलं वेळ वाया. पण नंतर कुठेही कापड सरकलं नाही. कडेचे सहा फेरे झाले. आईला व्हिडिओ कॉल लावला होता, ती काठ ओळखून सांगत होती, ही आजी पंढरपूरला नेसली होती, ही माझ्या लग्नात.

वैशाली, बी-३०४ (१३:०१)
सेक्रेटरींच्या आईंचे टाके बघा, मशीनला लाजवतील. माझे कोणते ते विचारू नका.

गावडे काकू, ए-४०१ (१३:०३)
डाव्या कोपऱ्यातले, नागमोडी.

अमेय, बी-५०१ (१३:०५)
ते माझे आहेत काकू.

मृण्मयी, सी-२०४ (१३:१८)
अर्जंट. आजीने पाच सुया दिल्या होत्या, चारच परत आल्या. क्लब हाऊसमध्ये कोणीही अनवाणी जाऊ नका. साडेचारला मुलांचा डान्स क्लास आहे तिथे!

सेक्रेटरी, बी-२०२ (१३:१९)
क्लब हाऊसला कुलूप लावतोय. गोधडीतही बघा. बाळाची आहे ती.

ऋचा, सी-१०१ (१३:२७)
गोधडी हाताने पूर्ण चाचपली, दोनदा. त्यात नाही.

जोशी काका, ए-१०२ (१३:३०)
थांबा. माझ्याकडे बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक आहे. आजच भंगारात देणार होतो, सौ.नी अडवलं. काठीला बांधून आणतो.

जोशी काका, ए-१०२ (१३:५८)
सापडली. सतरंजीच्या झालरीत होती. त्याशिवाय दोन सेफ्टी पिना, एक यू-पिन आणि खुर्चीचा एक स्क्रू निघाला. खुर्ची कोणती ते शोधेपर्यंत खिडकीजवळच्या रांगेत कोणी बसू नका.