दादा म्हणतो "काळ सोकावतो", भाचा म्हणतो "फॅलसी". यात चूक कुणाची?

सांगलीची_आत्या

वय ६३, सहकारी बँकेच्या कर्जखात्यातून रिटायर. लग्न केलं नाही, त्यामुळे माझं जे काही होईल ते दादा आणि भाचा बघणार.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटचे १९ दिवस आयसीयूत होती. नाकातली नळी ओढून काढते म्हणून तिची दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधलेली असायची. भेटीच्या दहा मिनिटांत मी एक हात सोडवून हातात धरून बसायचे आणि निघताना मीच परत गाठ मारायचे. सिस्टरनी सैल नको म्हणून सांगितलेलं.

म्हणून मी लिव्हिंग विल करायचं ठरवलं. बरं होण्याची आशाच उरली नसेल तर व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत. माझ्या वतीनं बोलणारा माणूस म्हणून दादाचं नाव घालते म्हटलं, तर तो उखडलाच. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज तू स्वतःसाठी नळी नको म्हणतेस. उद्या पोरं म्हणतील, बाबांची काढा. परवा धडधाकट म्हाताऱ्यांनाच लाजेकाजेनं म्हणावं लागेल, आम्हाला आता जाऊ द्या. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघून ठरवतील सगळे."

भाचा पुण्याहून आलेला होता. म्हणाला, "बाबा, ही स्लिपरी स्लोप फॅलसी आहे," म्हणजे एक पाऊल टाकलं की घसरत तळाशीच जाणार, असं मानण्याचा तर्कदोष, आणि परत मोबाइलमध्ये गेला. दादा गप्प झाला, पण पटलं म्हणून नाही. कुणी शिवी हासडल्यावर माणूस गप्प होतो तसा.

आता माझी अडचण. बँकेत ३४ वर्षं मी हेच बोलत आले. "एकाचं दंडव्याज माफ केलं की रांग लागेल." एका वर्षी खरंच लागली. गारपिटीत बाग गेलेल्या एका द्राक्षवाल्याला संचालक मंडळानं माफी दिली आणि आठवड्यात माझ्या टेबलावर २३ अर्ज. प्रत्येकाची शेवटची ओळ एकच : "अमुक यांना दिलेल्या सवलतीप्रमाणे मलाही मिळावी." तेव्हा मी तर्कदोष करत होते की नोकरी?

फळा_खडू

आत्याबाई, कॉलेजात २० वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. इतकं चांगलं उदाहरण मला एकदाही सुचलं नाही!

त्या २३ अर्जांची शेवटची ओळ हेच तुमचं उत्तर. रांग आपोआप लागली नाही, तिला ढकलणारं काहीतरी होतं : जे कारण पहिल्याला लागू, तेच दुसऱ्याला, आणि बँकेला दुजाभाव करता येत नाही. ढकलणारा दाखवता आला तर तो युक्तिवाद ठीक. नुसतं "आज हे, उद्या ते, परवा प्रलय" असेल तर दोष. भाच्यानं नाव ठेवलं, उत्तर दिलं नाही. तोही एक आळसच.

दोन्ही प्रकार प्रत्यक्षात झालेत. कॅनडात २०१६ मध्ये डॉक्टरांच्या मदतीनं मरण घ्यायचा कायदा आला. अट अशी, की मृत्यू नजीकच्या भविष्यात अपेक्षित असावा. २०१९ मध्ये तिथल्या क्यूबेक प्रांताच्या कोर्टानं ती अट घटनाबाह्य ठरवली आणि २०२१ मध्ये संसदेनं ती काढली. म्हणजे त्याला, मग मला का नाही? तुमचेच द्राक्षवाले. उलट अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये असा कायदा १९९७ पासून आहे. बाहेरच्या राज्यांतल्या लोकांनाही त्यांनी आता दार उघडलं, पण सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरल्याची अट आजही तीच आहे.

म्हणून दादांना एकदम खोडू नका. त्यांच्या पायऱ्या सुट्या करा आणि प्रत्येकीवर विचारा, इथे ढकलतंय कोण?

काळा_कोट

कायद्याचं थोडं सांगतो. दादांना जी भीती वाटते तीच सर्वोच्च न्यायालयालाही वाटली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये निकाल आला. उपचार थांबवणं तत्त्वतः मान्य, पण नातेवाइकांकडून गैरवापर नको म्हणून प्रत्येक वेळी हायकोर्टाची परवानगी घ्यायची. खुद्द शानबाग यांच्याबाबत अर्ज फेटाळला. इतकी वर्षं त्यांचं सगळं करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा त्याला विरोध होता आणि कोर्टानं त्यांचं म्हणणं मोठं मानलं. २०१५ मध्ये त्या न्यूमोनियानं गेल्या.

२०१८ मध्ये घटनापीठानं लिव्हिंग विल मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी म्हटलं. लोकांना ते जमेना. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

मिरजेचा_म्हातारा

बघा, वकीलसाहेबांनीच घसरगुंडी दाखवली. हायकोर्ट, मग मॅजिस्ट्रेट, मग नोटरी. १२ वर्षांत! आमच्या तहसीलीबाहेरचा नोटरी चहाचा कप खाली न ठेवता शिक्का मारतो. दादा बरोबर आहेत.

काळा_कोट

काका, नोटरीचं मान्य! पण सैल झालं ते कागद करणं. नळी काढायची की नाही हे नोटरी ठरवत नाही. त्यासाठी आजही डॉक्टरांची दोन वेगळी मंडळं लागतात, दुसऱ्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो, आणि अंमलबजावणीआधी दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. इंजेक्शन देऊन मारणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. दार रुंद झालं नाही, कडी जरा हलकी झाली.

पण दादांची तिसरी पायरी, लाजेकाजेची, तिला कुठलंही कलम लागू पडत नाही. ती घरातली आहे.

सांगलीची_आत्या

सगळ्यांचे आभार. काल दादाकडे गेले. फॅलसीचं नाव काढलं नाही. तो शेंगा फोडत बसला होता, मीही बसले. विचारलं, "दादा, माझ्या कागदात तू कुठल्या पायरीवर अडतोस?"

बराच वेळ शेंगाच फोडत होता. मग म्हणाला, "तुझ्या कागदाचं काय गं. तू तर स्वतःच लिहून ठेवतीयेस." आणि थोड्या वेळानं, "सातबारा माझ्या नावावर आहे. आणि माझ्या पोरानं त्या दिवशी मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

माझ्याकडे यावर काही नव्हतं.

निघताना म्हणाला, माझंही एक कर. त्यात बोलणारा माणूस म्हणून तुझं नाव घाल. वहिनी आतून ओरडली, "आणि मी?" तर म्हणे, "तू हात बांधू देणार नाहीस, डॉक्टरांशी भांडत बसशील." दोन नावं चालतात का हो, काळा कोट? माझ्या कागदावर सही करतो म्हणालाय. फक्त नोटरी मिरजेचा नको.

काळा_कोट

२०२३ पासून एकाहून जास्त नावं चालतात. वहिनींचं घालाच.