महाविद्यालयाशी सामंजस्य करार करताना वस्तीने कोणत्या अटी घालाव्यात?

कुर्ला_अभ्यासिका:
कुर्ला पूर्वेतील आमच्या वस्तीत मित्रमंडळाच्या खोलीत आम्ही संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका चालवतो. जवळच्या एका महाविद्यालयाने समाजसहभाग उपक्रमासाठी आमच्याशी सामंजस्य करार करण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या दोन पानी मसुद्यात 'विद्यार्थ्यांना सामाजिक वास्तवाचे भान येईल' हे वाक्य तीन वेळा आले आहे. वस्तीच्या पदरात काय पडेल, याचा उल्लेख मात्र एकदाही नाही. गेल्या चार वर्षांत तीन महाविद्यालयांचे विद्यार्थी येथे सर्वेक्षण करून गेले आणि तिन्ही प्रश्नावल्यांत पहिला प्रश्न घरात नळ आहे का, हाच होता. शेवटच्या खेपेस शेजारच्या मावशींनी कडेवरचा हंडा खालीसुद्धा न ठेवता सांगितले, "मागच्या वर्षीचंच लिही, बाळा." त्या माहितीचे पुढे काय झाले, हे आम्हाला कोणीही कळवलेले नाही. तरीही करार नाकारायचा नाही, कारण दहावीच्या मुलांना गणित शिकवणारे कोणीतरी हवेच आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_प्राध्यापक:
मी अनेक वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे महाविद्यालयाची बाजू आधी सांगतो. 1969 पासून चालत आलेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करायचे, अशी रचना आहे. म्हणजे नोंदवहीत विद्यार्थ्याचे तास चढतात. वस्तीतील एखाद्या मुलाला त्रैराशिक समजले की नाही, यासाठी तिथे रकाना नसतो. (शिबिरासाठी आम्ही हौसेने कर्जत-शहापूरकडे जायचो आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीच्या वाट्याला एक स्वच्छता फेरी यायची, हेही कबूल करतो.)

आपली खरी अडचण वेळापत्रकाची होईल. स्वयंसेवकांची नोंदणी होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, ऑक्टोबरपासून त्यांच्या सत्र परीक्षा आणि मग दिवाळीची सुट्टी येते. आपल्या मुलांची बोर्डाची परीक्षा मार्चच्या सुमारास, म्हणजे त्यांना सर्वाधिक गरज डिसेंबर ते फेब्रुवारीत असते. म्हणून कोणत्या महिन्यांत, आठवड्यातून कोणत्या दोन दिवशी, किती विद्यार्थी येतील, हे करारातच लिहून घ्या. जबाबदार प्राध्यापकाचे नाव असावे, नुसते 'समन्वयक' नको. प्राध्यापकाची बदली झाली, तर नव्या व्यक्तीने पंधरा दिवसांत वस्तीत येऊन भेटावे, अशीही अट घाला.

क्षेत्रकार्य_गोवंडी:
सरांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु विद्यार्थ्यांच्या भरवशावर दहावीचे गणित सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समाजकार्याची विद्यार्थिनी असताना मी आठवड्यातून दोन दिवस गोवंडीत जात असे. बायका मोकळेपणाने बोलू लागल्या, तोवर माझे क्षेत्रकार्य संपत आले होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवातच 1936 मध्ये नागपाड्यातील एका वस्ती-केंद्रातून झाली, तरी तिचे जे काम मागे उरले, ते केवळ विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्यावर उरलेले नाही. 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष घ्या: मारहाण झालेली बाई पोलिसांकडे येते, तिथेच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती रोज बसलेली असते. 1098 ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवाही त्याच संस्थेचा प्रकल्प म्हणून 1996 मध्ये सुरू झाली. दोन्हीकडे पगारी माणूस कायम जागेवर होता आणि विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकत होते. तुमच्याच वस्तीतील एखाद्या पदवीधर मुलीला महाविद्यालयाने मानधन द्यावे आणि विद्यार्थ्यांनी तिच्या मदतीला यावे, अशी मागणी करून पाहा.

आणखी एक: सर्वेक्षण करायचेच असेल, तर प्रश्नावली आधी मंडळाला दाखवावी आणि निष्कर्ष महिन्याभरात मराठी व हिंदीत, अभ्यासिकेतच वाचून दाखवावेत. पाण्याची आकडेवारी हाती असेल, तर ती घेऊन तुम्हाला प्रभाग कार्यालयात जाता येईल. महाविद्यालयाच्या कपाटात ती कोणाच्याच उपयोगाची नाही.

चाळकमिटी:
वस्तीतील लहान मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत, हेही लिहा. अहवालाच्या मुखपृष्ठावर आमच्या चाळीतली मुले नाक पुसताना छापली गेली होती.

कुर्ला_अभ्यासिका:
सर्वांचे आभार. काल प्राचार्यांना सुधारित मसुदा दिला. महिने, वार आणि प्राध्यापकांचे नाव त्यांनी लगेच मान्य केले; मराठी-हिंदी वाचनाची अटही स्वीकारली. मानधनासाठी तरतूद नसल्याचे सांगितले, पण माजी विद्यार्थी संघाकडे विचारणा करतो म्हणाले. ताई, ती मागणी आम्ही लेखी ठेवली आहे. छायाचित्रांच्या अटीला विरोध मात्र आमच्याच मंडळातून झाला. पोरांना बॅनरसमोर उभे राहायला फार आवडते.