खानापूरच्या शाळांना टॅब: सभासदांचं मत हवं

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,
परदेशातल्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या शिलकीतून कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांना टॅब द्यावेत, अशी सूचना आली आहे. बेळगाव-निपाणीकडच्या सभासदांनी मत कळवावं.

प्रेषक: सभासद (माहेर जांबोटी)

काका, सप्रेम नमस्कार.
सूचना मनापासून आवडली. पण पैसा आधी शिकवणाऱ्या माणसावर घालूया, यंत्रावर नंतर.

नुसती यंत्रं वाटून काय होतं ते पेरू देशात दिसलं. सरकारनं लाखो मुलांना लॅपटॉप दिले. पाहणी झाली तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक आढळला नाही. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेनं मुंबई-वडोदऱ्यात वेगळं केलं. वस्तीतलीच शिकलेली मुलगी 'बालसखी' म्हणून नेमली. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना ती रोज दोनेक तास वेगळी घेऊन बसायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी ते काटेकोर तपासलं, मुलं खरंच पुढे गेली होती. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, दोघांत एक संगणक, असे गणिताचे खेळही दिले होते. त्यांचंही गणित सुधारलं. तेव्हा यंत्राला माझा विरोध नाही, कुणीतरी जवळ बसलेलं हवं.

आता आपल्या भागाचं. कणकुंबी, आमगाव, गवाळीकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही आणि रेंजचाही नाही. इंटरनेटवर चालणारं ॲप तिथे काय कामाचं? 'कोलिब्री' ही मोफत प्रणाली बघा. छोट्याशा संगणकात धडे आधीच भरायचे, वर्गातले टॅब वाय-फायनं त्यालाच जोडायचे. बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. 'प्रथम बुक्स'नं 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'ची गोष्टींची पुस्तकंही त्यात मिळतात. ती मुक्त परवान्याची आहेत, श्रेय देऊन छापून वाटली तरी चालतात.

शिवाय 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आहे आणि कन्नडही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपलं पोर घरी नि शाळेत मराठीत, पण तलाठ्याकडे, बँकेत, बसच्या पाटीवर सगळं कन्नड. एकच गोष्ट दोन्हींत वाचली तर कन्नडची भीती जाते, आणि मराठी शाळेत घातल्यानं पोर मागे पडेल ही आईबापांची धास्तीही कमी होते.

म्हणून टॅब थोडेच घ्या. उरलेल्यातून गावातल्याच बारावी झालेल्या मुलींना वर्षभर मानधन द्या. त्यांनी शिकवायचे मुलांचे गट इयत्तेवर नकोत. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतलं काय वाचता येतं ते बघून पाडावेत.

प्रेषक: खजिनदार

ताई, पटलं. मात्र मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणून आपली देणगी परकीय ठरते. ती एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच जाते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था पैसे दुसऱ्या संस्थेला वळते करू शकत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या छोट्या संस्थेला देण्याची वाट बंद आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर ते परकीय धरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्यांचं धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी.

तुमच्या ओळखीच्या संस्थेची नोंदणी आहे का?

प्रेषक: सभासद (माहेर जांबोटी)

विचारते. नसेल तर मानधनाचा भार आम्ही भारतीय पासपोर्टवाले वैयक्तिक उचलू. माझं नाव पहिलं लिहा.