अनुभव धागा: काम येत होतं, शिकवणं कसं आलं? (नागपूर, आयटीआय, पॉलिटेक्निक, कोर्सवाले सगळे)

नमस्कार मंडळी. मी बुटीबोरीत एका कारखान्यात ९ वर्षं मेंटेनन्सला होतो, मग आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला निदेशक म्हणून लागलो. मोटर जळाली की वासावरूनच कळायचं, पण २० पोट्टे समोर बसले की काय बोलावं तेच सुचेना. नंतर एक वर्षाचा सीआयटीएस (निदेशकांचा प्रशिक्षण कोर्स) केला, त्यात लेसन प्लॅन, डेमो सगळं शिकलो आणि त्याचा फायदाही झाला, पण खरा फरक पडला तो स्टेअरकेस वायरिंगच्या (जिन्यातला दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून चालू-बंद करायची जोडणी) एका प्रॅक्टिकलला. बोर्डावर सुंदर डायग्राम काढली, "समजलं का?" विचारलं, सगळे एका सुरात "हो सर". प्रत्यक्ष जोडायला बसले तर बहुतेकांचा दिवा एकाच अवस्थेत लागायचा, म्हणजे खालचा स्विच एका बाजूला असेल तरच वरच्या स्विचने चालू-बंद व्हायचा, नाहीतर नाही. फेज (करंटची तार) टू-वे स्विचच्या कॉमन, म्हणजे दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या टर्मिनलऐवजी बाजूच्या टर्मिनलवर दिली होती. मी चिडलो आणि तीच डायग्राम पुन्हा काढली, आणखी मोठी. काही उपयोग नाही.

पुढच्या बॅचला मीच रात्री थांबून चार बोर्ड मुद्दाम चुकीचे जोडून ठेवले, सप्लाय बंद करून हातात दिले आणि म्हटलं, चूक शोधा, मी काही बोलणार नाही. अर्धा तास गोंगाट, भांडणं, तारा ओढून बघणं. मग उमरेडहून रोज बसने येणारा एक पोट्टा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, त्याने बोट कॉमनवर ठेवून सांगितलं, "सर, फेज इथं पाहिजे होती." त्या दिवसापासून "समजलं का" हा प्रश्न मी बंद केला. तुमचं काय बदललं, कशामुळे, लिहा ना. नवीन लोकांना फार गरज आहे.

फिटर ट्रेड, हिंगणा एमआयडीसीतून आलेलो
सर, तुमची चूक शोधायची पद्धत मी उद्याच करून पाहतो. माझं सांगतो. फाइलिंग (कानशीने घासणं) शिकवताना मी स्वतः जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, घासून दाखवायचो, झपाझप, आणि पोरं बघत बसायची. हात बघायची पण दाब कुठे आहे ते कसं दिसणार? फाईल पुढे जातानाच कापते, सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, मधे दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा, हे माझ्या हाताला माहीत होतं पण तोंडाने मी कधी सांगितलंच नव्हतं. मग जॉब कडेला गोल व्हायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडासमोर धरला की फट दिसायची आणि मी म्हणायचो लक्ष नाही तुझं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवे कामगार पटकन तयार करायला चार पायऱ्यांची एक रीत बांधली होती: आधी शिकणाऱ्याला तयार करा, मग काम दाखवा, मग त्याच्याकडून करवून घ्या, मग सोडून द्या पण अधूनमधून बघा. तिसऱ्या पायरीत एक खुबी आहे, पोरगा करता करता बोलला पाहिजे, कुठे दाब देतोय आणि का. आता माझ्या वर्कशॉपमध्ये फाईल चालू असताना "डावा... दोन्ही... उजवा" असं ऐकू येतं. जॉब पुन्हा करावे लागण्याचं प्रमाण माझ्या डोळ्यांसमोर कमी झालंय, एवढं नक्की सांगतो.

शिवणकाम कोर्स, सक्करदरा
माझ्याकडच्या मुली कापडाला नाही, अपूर्णांकाला घाबरतात हे कळायला मला ३ वर्षं लागली. छाती ३६, तिचा पाव ९, इतकं सोपं वाटायचं मला. मुंढा (बाही जोडायची गोलाई) आला की मुली शेजारणीच्या वहीत बघायच्या. एका मुलीने टेप ३६ वर धरून दोनदा दुमडला आणि म्हणाली, "मॅडम, हा पाव." मी थांबलेच. आता पहिल्या आठवड्यात गणित नाही, टेप दुमडायचा आणि जुन्या पेपरवर कापायचं. कापड वाया गेलं की घरी बोलणी खावी लागतात त्यांना, पेपरला कोणी रागवत नाही.

अकाउंट्सचे क्लास घेते, धंतोली
फिटरवाले दादा, बोलत बोलत करणं आमच्याकडेही लागू होतं. जीएसटी मी पाठ करून घ्यायचे, सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा), आयजीएसटी (माल दुसऱ्या राज्यात गेला की), परीक्षेत पास, नोकरीवर गोंधळ. आता इतवारीच्या एका दुकानाचं बिल बनवतो. १८ टक्क्यांचा माल सावनेरच्या व्यापाऱ्याला विकला तर ९ आणि ९, तोच माल सौंसरला गेला तर सरळ १८ टक्के आयजीएसटी. नावं जवळची, गावंही फार लांब नाहीत, पण सौंसर मध्य प्रदेशात. "काहून मॅडम?" हा प्रश्न आला की माझा तास सुरू होतो.

पॉलिटेक्निक
थोडक्यात. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारून शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबलं तर मुलं मोठी आणि विचार करून उत्तरं देतात. मी मनात मोजतो. पहिल्यांदा ते ३ सेकंद फार लांब वाटतात, मे महिन्यात पंखा बंद पडल्यासारखे.

नवीन लागलो, वेल्डर
सर, सोमवारपासून माझा पहिला बॅच. आर्क लावून दाखवताना सगळे एकदम पुढे येतात, स्क्रीन (डोळे वाचवायची काळी काच) पुरत नाहीत, मी एकटाच. सुरुवात कशी करू? झोप नाही लागत.

धागाकर्ता
एकदम २० जणांना दाखवू नको, चार-चार जणांना बोलव, प्रत्येकाच्या हातात स्क्रीन असल्याशिवाय आर्क लावायचाच नाही. बाकीच्यांना तोवर थंड रॉड होल्डरमध्ये धरून नुसती चाल करू दे, हाताला सवय होते. आणि शनिवारी माझ्या प्रॅक्टिकलला ये, मागे उभा राहा, माझ्याकडे नको, पोट्ट्यांच्या हातांकडे बघ आणि वहीत लिही कोण कुठे अडला. सोमवारी मी तुझ्या वर्कशॉपला येतो, तेच करतो.