विश्वामित्री नदी रुंद केल्याने बडोद्याची वाढ शाश्वत होईल का?

रावपुरेकर:
ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर, २०२५ चा पावसाळा तोंडावर येण्याआधी, विश्वामित्रीतला गाळ उपसून पात्र रुंद करण्याचे मोठे काम झाले. त्यामुळे प्रश्न मिटला, असे आपल्या मंडळींत बोलले जाते. मला ते पटत नाही. पावागडाकडून येणारी ही नदी सपाट भूमीवरून वळणे घेत शहरातून जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. ढाढर तुडुंब असली की आपले पाणी पुढे सरकत नाही. २०२४ मध्ये पाऊस उघडल्यावरही कित्येक वस्त्यांतून ते हलेना, त्याचे एक कारण हेच. पूर्वी हे पाणी काही काळ सामावून घेण्यास नदीकाठची कोतरे म्हणजे घळी, गावतळी आणि भूखी कांसेसारखे नैसर्गिक ओहोळ होते. त्यांत भराव पडत गेला आणि त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या. ज्या वाढीचे पाणी शेवटी सखल वस्तीच्या घरात शिरते, ती वाढ शाश्वत कशी म्हणावी? भरावाला परवानगी देतानाच तेवढी साठवण जवळपास करून देण्याची अट घातली पाहिजे.

समा भागातील रहिवासी:
तत्त्व उत्तम आहे, पण आमच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते. प्लायवूडचा दिवाण फुगून दारातून निघेना, तेव्हा तो करवतीने कापून बाहेर काढावा लागला. अशा माणसाला ‘कोतरे जपा’ एवढेच सांगून भागत नाही. सयाजीराव महाराजांनी निसर्गापुढे हात जोडून बसणे पसंत केले असते, तर १८९० च्या दशकात शहराला आजवा तलावाचे पाणी मिळाले नसते. गरज असेल तेथे खोदावे, बांधावे, पंप बसवावेत.

एक वाचक:
आजव्याचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. तो तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. पिण्यासाठी तो भरलेला हवा आणि पुरासाठी रिकामा. ६२ दरवाजांच्या त्या सांडव्यावरून येणारे पाणी विश्वामित्रीतच उतरते. म्हणजे खरा प्रश्न बांधकामाचा नसून जुलैत पातळी किती ठेवायची, हे कोण ठरवते आणि त्या निर्णयाला उत्तरदायी कोण, हा आहे. खोदकामाचेही तसेच. गाळ पुन्हा येणारच, मग दर उन्हाळ्याच्या उपशाची तरतूद अर्थसंकल्पात कायमची आहे का? शिवाय काठ सरळ खरवडला की माती धरून ठेवणारी झुडपे जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसात तो ढासळू लागतो. मगरींची बिळेही त्याच काठात असतात, हा भाग वेगळा. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये नदीची पूरभूमी आखून ती जपण्याचा आदेश दिला होता. ती रेषा प्रत्येक भूखंडाच्या नकाशावर दिसू लागली, तर घर घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत, हे तरी कळेल.

रावपुरेकर:
रेषेबद्दल पूर्ण सहमत. मात्र ती नदीपुरती न ठेवता कांसांनाही लावावी. आमच्याकडच्या एका कांसेवर फरशी टाकून आता स्कूटर उभ्या केल्या जातात.

समा भागातील रहिवासी:
आदेश २०२१ चा, पूर २०२४ चा. ज्यांनी रीतसर परवानगीचे घर कर्ज काढून घेतले, ते घर उद्या पूरभूमीत निघाले आणि त्याची किंमत कोसळली, तर भरपाई कोणी द्यायची? त्याचे उत्तर मिळेपर्यंत मी खोदकामाच्याच बाजूने आहे.